अर्ध्या शिशाची काच

चंद्रपूरच्या एका कॉलेजात तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं काचा धुतल्या. चहाच्या पेल्यांच्या नाहीत. पोस्टाच्या तिकिटाहून थोड्या मोठ्या, चौकोनी, एका बाजूनं वीज वाहून नेणाऱ्या काचा. आधी साबणाचं पाणी, मग शुद्ध पाणी, मग अ‍ॅसिटोन, मग स्पिरिट, आणि प्रत्येक वेळी थरथरणाऱ्या यंत्राच्या भांड्यात पंधरा मिनिटं. काच स्वच्छ झाली का, हे मी पाण्यावरून ओळखायचो. चिमट्यात धरून तिच्यावर पाणी सोडायचं. पाणी पातळ होऊन सगळीकडे पसरलं तर काच झाली. कुठे थेंब गोळा होऊन थांबला, तर तिथे बोटाचं तेल आहे, पुन्हा पहिल्यापासून.

"अर्धी वीज तुमच्या हातातून येते, भाऊ," मॅडम म्हणायच्या.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. असं कोणी बोललं की मला भीती वाटते. आता काहीतरी चुकणार, असं वाटत राहतं.

माझं गाव अहेरीच्या खाली, प्राणहितेच्या काठावर. चंद्रपूरहून आलापल्लीपर्यंत एक बस, तिथून दुसरी, आणि शेवटचं पायी. सकाळी निघालं तर दिवस मावळताना घर. आम्ही नदीत मासे धरणारी माणसं. मी रंगाऱ्यांच्या टोळीबरोबर चंद्रपूरला आलो, ते याच कॉलेजची इमारत रंगवायला. प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर उडालेला रंग मी ब्लेडनं खरवडत होतो. मागे मॅडम उभ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "एक ठिपकासुद्धा ठेवला नाही तुम्ही." आठ दिवसांनी त्यांनी ठेकेदाराला सांगून मला आत घेतलं. मॅडम वरोऱ्याच्या, बौद्ध घरातल्या. वडील कापसाच्या बाजारात हमाल होते. त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नाही. मला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात माझ्या खाटेजवळ बसून त्या मुलांचे पेपर तपासत होत्या. बाटलीवरचं इंग्रजी लेबल अक्षर अक्षर जोडून वाचायला त्यांनीच शिकवलं. हे सगळं आधी सांगतो, कारण पुढचं सांगायचं आहे.

मॅडमचं काम उन्हापासून वीज करायच्या नव्या जातीच्या प्लेटांचं होतं. पेरोव्स्काइट. हे नाव मला वर्षभर नीट घेता आलं नाही. काचेवर पिवळसर द्रावणाचा थेंब सोडायचा, काच गरगर फिरवायची, द्रावण पसरून थर होतो, तो तापवला की बघता बघता काळा पडतो. त्या काळ्या थरावर ऊन पडलं की वीज. बाजारातल्या निळ्या प्लेटांना मोठी भट्टी लागते. ही टेबलावर होते. पण तिच्यात शिसं आहे, आणि तेही पाण्यात उतरणारं.

"ही तुमच्या गावच्या छपरावर लागली आणि गारपिटीत फुटली," मॅडम एकदा म्हणाल्या, "तर पावसाबरोबर शिसं तुमच्याच विहिरीत जाईल. लहान पोरांच्या डोक्यात बसतं ते. एकदा बसलं की निघत नाही."

म्हणून त्यांनी अर्धं शिसं काढून तिथे कथील घातलं होतं. पण कथलाला हवा सोसत नाही. जरा हवा लागली की ते आतून बिघडतं आणि प्लेट मरते. म्हणून सगळं काम काचेच्या बंद पेटीत चालायचं. आत नायट्रोजन भरलेला, आणि पेटीच्या भोकांना लांब रबरी हातमोजे बसवलेले. बाहेरून त्यांत हात घालायचे. पेटी चालू असली की आतल्या दाबानं ते मोजे बाहेर ताठ उभे राहायचे, कोणी हात पुढे केल्यासारखे. द्रावणात मॅडम कथलाची बारीक भुकटीही टाकायच्या. ती भुकटी हवेचा मार स्वतःवर घेते आणि आतलं कथील वाचतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

पूर्ण शिशाची प्लेट जास्त वीज द्यायची आणि जास्त दिवस टिकायची. भुकटी घालण्याआधी अर्ध्या शिशाची सहा दिवसांत पडायची, कधी नऊ. 'पडली' म्हणजे पहिल्या दिवशीच्या विजेतला पाचवा हिस्सा गेला. मॅडमना ती हजार तास उभी ठेवायची होती, सतत पेटलेल्या दिव्याखाली, गरम तव्यावर, मध्ये एक मिनिटही खंड न पडता. हजार तास म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दिवा लागला. खाली रस्त्यावर पोरं लाकडाचे बैल ओढत होती आणि आम्ही वर बारा प्लेटा, दुसरी काच चिकटवून हवाबंद केलेल्या, दिव्याखाली मांडत होतो. आम्ही म्हणजे मॅडम, त्यांच्याकडे संशोधन करणारी आलापल्लीची एक मुलगी, आणि मी. एक शिकाऊ विद्यार्थिनीही होती, ती अधूनमधून यायची. पंधरावा दिवस गेला, विसावा गेला. प्लेटा उभ्या होत्या. मॅडम रोज सकाळी आधी आकडा पाहायच्या, मग चप्पल काढायच्या. हजार तास निघाले तर पुढच्या तीन वर्षांचा प्रकल्प मिळणार होता, नाही तर मार्चमध्ये सगळं बंद. मॅडमनी हे आमच्यापासून लपवलं नव्हतं.

आता माझ्या खोलीबद्दल.

मी बाबुपेठेकडे एक खोली घेऊन राहत होतो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी, आईजवळ. संध्याकाळी खोलीत दुसरं काय करणार? मी जाळी पुरी करायचो. फेकायचं जाळं असतं, त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लागतात, म्हणजे ते झपकन बुडतं आणि मासा खालून निसटत नाही. आई गावी जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं लोखंडी पळीत वितळवून सपाट दगडावर ओतते. त्याच्या पट्ट्या ती मला बसमधून पाठवायची, जाळ्याबरोबर. पट्टीचा तुकडा दोरीवर दुमडायचा आणि दातांनी दाबायचा. पक्कड वापरली तर दोरी कापली जाते. कुठवर दाबायचं हे दातालाच कळतं. चार-पाच तुकडे गालात धरून ठेवायचे, एक एक पुढे घ्यायचा. एका जाळ्याला शेकड्यानं गोळ्या. आमच्याकडे हे सगळेच करतात. बापानं केलं, आजीनं केलं. जाळ्याच्या काठावरच्या दातांच्या खुणा पाहून ते कोणी पुरं केलं हे आम्ही सांगू शकतो.

कोणी विचारेल, तुला मॅडमनी सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. शिसं म्हणजे काय हे मला माहीत होतं. प्रयोगशाळेत मी दोन-दोन मोजे घालायचो, सुटी झाली की हात तीनदा धुवायचो, एप्रन तिथेच टांगायचो, आणि खोलीवर येऊन शिसं गालात धरायचो. मला ते एकच वाटायचं नाही. ते कुलपातलं, बाटलीतलं, कवटीचं चित्र असलेलं. हे आईनं पाठवलेलं.

त्या वर्षी नवा नियम आला. शिसं हाताळणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. आम्हां चौघांचं रक्त नागपूरला गेलं. तिघींचं ठीक निघालं. माझं फार वाढलेलं.

तो सोमवार होता आणि दिव्याचा एकतिसावा दिवस. मॅडमच्या खोलीत समितीची माणसं बसली होती. प्राचार्य, दोन प्राध्यापक, एक डॉक्टर. मी दाराबाहेर स्टुलावर होतो. दार अर्धं उघडं होतं.

"बाकी तिघांचं ठीक अन् याचंच काऊन वाढलं?" एक प्राध्यापक विचारत होते.

"तेच मलाही कळत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "मोजे यांनाही आहेत. मी स्वतः बघते."

"मोजे असतीन. पण बाटल्या कोण धुते? विषाचं धुणं सातवी पास माणसाले देल्लं. त्याले काय समजते त्यातलं?"

"त्यांना समजतं."

"मंग रक्तात कसं आलं? आभाळातून पडलं?"

 मग प्राचार्यांनी सांगितलं, चौकशी होईपर्यंत खोलीला सील, आतली वीज बंद.

"दरवाजा बंद करा," मॅडम म्हणाल्या. "किल्ली तुमच्याकडे ठेवा. आत कोणी जाणार नाही. फक्त दिवा राहू द्या. अकराच दिवस राहिले आहेत."

"आणि बंद खोलीत आग लागली तर, मॅडम?"

मला तेव्हाच कळलं होतं. रिपोर्ट नीट ऐकायच्या आधीच कळलं होतं, जिभेला. उठून आत जायला चार पावलं होती. मी स्टुलावर बसून राहिलो.

मुख्य बटण खाली पडलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या दारातच होतो. दिवा विझला. नायट्रोजनचा सूं असा आवाज सहा वर्षं कानात होता, तो थांबला तेव्हाच तो होता हे जाणवलं. पेटीचे ताठ हातमोजे हळूहळू ढिले पडले आणि लोंबले. मॅडम ते पाहत उभ्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका. तुमच्या औषधाचं मी बघते."

सील लागलं, कागदावर सह्या झाल्या. खाली सफाईवाल्यांचा सुपरवायझर भेटला. त्याला सगळं कळलेलं होतं.

"तू काही बोलू नको, समजलं का? विचारलं त म्हणायचं, मले काई माईत नाई. इथी ज्यानं तोंड उघडलं तो गेला. मी दोन पाह्यले जाताना."

"पण मॅडम..."

"मॅडम पर्मनंट हाये. तू काय हायेस?"

मंगळवारी डॉक्टरांनी मला बोलावलं. खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, ती त्यांनी मला आरशात दाखवली. मी ती रोजच पाहत आलो होतो. आईच्या हिरड्यांवरही आहे.

"खर्रा खाता? तंबाखू-सुपारी?"

"नाई."

"बॅटरीचं काम? भंगाराचं?"

"नाई."

"आधी रंगकाम करत होता म्हणे."

"हो. सहा वर्षं झाली सोडून."

त्यांनी ते लिहून घेतलं. पण सहा वर्षं जुन्या रंगानं रक्त एवढं वर राहत नाही, असंही म्हणाले. "तोंडात काही ठेवायची सवय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी दार उघडून धरलं होतं आणि मी बाहेरच उभा राहिलो.

बुधवारीही गप्प राहिलो. खरं सांगतो, मॅडमचं काय होईल यापेक्षा माझं काय होईल हेच मनात होतं. काम गेलं तर पुन्हा शिडीवर, रंगाच्या डब्याबरोबर. किंवा गावी, नदीवर. आणि आणखी एक भीती होती. हे लोक आमच्या गावी जातील, आईची पळी उचलून नेतील, जाळी जप्त करतील. आमच्याकडे सरकारी गाडी आली की काहीतरी नेण्यासाठीच येते, एवढंच आम्हांला माहीत.

गुरुवारी दुपारी ती आलापल्लीची मुलगी कॅन्टीनजवळ भेटली. डोळे सुजलेले.

"भाऊ, मॅडमनं लिहून देल्लं."

"काय लिहून देल्लं?"

"का बाटल्या धुवायचं काम तुम्हाले द्यायलेच नोको होतं. सगळी चूक माझी. प्रकल्प सोडायले तयार हाये म्हणून." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी म्हटलं, मॅडम, थांबा ना, तपास त होऊ द्या. त म्हणतेत, एका माणसाच्या रक्तात माझ्या खोलीतलं विष गेलं, आता कशाचा तपास?"

मी खोलीवर गेलो. अर्धं झालेलं जाळं आणि पट्ट्यांची पुडी पिशवीत घातली आणि चालत परत आलो. प्राचार्यांच्या खोलीत तीच माणसं होती. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. शिपाई म्हणाला, नंतर ये. मी ढकलून आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला ढकललं असेन.

 सगळे बघत होते. मग मी जाळं त्यांच्या टेबलावर टाकलं, एक तुकडा दोरीवर दुमडला, तोंडात धरला आणि दाबला.

डॉक्टर खुर्चीतून उठले. "थुंका! आधी थुंका ते!"

पण गोळी अर्धी दाबून सोडता येत नाही, दोरी सैल राहते. मी ती पुरी केली, मग दोरी तोंडातून काढून त्यांच्यासमोर धरली. "हे असं," मी म्हणालो. "रोज. लहानपणापासून. लॅबचं नाई हे."

"किती लावतोस अशा?" प्राचार्यांनी विचारलं.

"एका दिवसाला दीडशे-दोनशे."

सोमवारी बोलले होते ते प्राध्यापक जाळ्याकडे बघत राहिले. "बापा! हे मासोळीले मारायचं जाळं हाये का सोताले?"

कोणीतरी हसलं. मीही हसलो, घाबरून. डॉक्टरांनी मला तोंड धुवायला पाठवलं. परत आलो तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या.

"सोमवारी माहीत होतं तुम्हाला?"

"हो मॅडम."

त्या किल्ली मागायला आत गेल्या.

त्याच संध्याकाळी सील निघालं नाही. आधी आमच्या प्रयोगशाळेची टेबलं आणि माझ्या खोलीची फरशी ओल्या कापडानं पुसून ती कापडं तपासायला पाठवली. त्यात आणखी दिवस गेले. माझ्या फरशीवर प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी पट शिसं निघालं. जिथे मी जेवायला बसायचो, तिथेच सगळ्यात जास्त.

खोली उघडली तेव्हा आतला वास बदललेला होता, ओलसर. पावसाचे शेवटचे दिवस होते. दिवा लावला. ती मुलगी आकडे वाचत होती आणि तिचा आवाज चढत गेला. "मॅडम, वाढलेत! आधीपेक्षा वाढलेत!"

बाराही प्लेटा बंद होण्याआधी होत्या त्याहून जास्त वीज देत होत्या. मला वाटलं, सुटलो. देवानं ऐकलं. मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं.

"अंधारात ठेवल्या की या सुधारतात," त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या वेळीही समजावूनच. "थकलेला माणूस झोपून उठतो तशा. पण आपल्याला न झोपता किती टिकतात हे पाहायचं होतं."

"मंग तासात धरता येत नाई?"

"धरलं तर ते खोटं होईल."

मुलगी म्हणाली, "मॅडम, एकतीस दिवस त खरे आहेत ना. पुढचे जोडून देऊ. कोण पाहून राह्यलं?"

मॅडमनी वहीत तारीख लिहिली, 'खंड' असा एक शब्द लिहिला आणि खाली आडवी रेघ मारली. मग पेटीकडे गेल्या. आत हवा शिरली होती. कथलाची भुकटी, द्रावणं, सगळं टाकून द्यावं लागलं. ते काम मी केलं असतं, पण मला आता त्या खोलीत पाय ठेवायची परवानगी नव्हती.

मला काढलं मात्र नाही. प्राचार्यांना मॅडम काय म्हणाल्या मला माहीत नाही. पॅसेजमध्ये एक बेसिन होतं, तिथे मला काचा धुवायला बसवलं. धुतलेल्या काचा डबीत भरून दाराच्या फटीतून आत द्यायच्या.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी गावी गेलो. आई अंगणात जाळं मांडीवर घेऊन बसली होती, गाल फुगलेला.

"आई, थुंक ते."

तिनं आधी गोळी दाबली, मग बोलली. "काऊन? काय झालं, बिड्डा?" नदीपलीकडच्या तेलुगूतला हा शब्द आमच्या घरात लेकरासाठी आहे. मी चाळिशीला आलो तरी तिला मी बिड्डाच.

मी सगळं सांगितलं. रक्त, हिरड्या, आरशातली रेघ. तिनं ऐकून घेतलं.

"दातानं नोको त काय नाकानं दाबू? तुहा आजा दाबत दाबत म्हातारा झाला."

"आजाले शेवटी हात उचलता येत नव्हता, आई."

"म्हातारपणानं."

"पन्नास वर्षाचा होता तो."

ती जाळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुही मॅडम शिसं कमी करून राह्यली ना? मंग तिले सांग, आमच्यासाठी काई काढ म्हणा. आम्ही लावू."

मी लोखंडाचे नट नेले होते. ते लावून पाहिले. जाळं तिरकं पडलं, आणि दोन आठवड्यांत गंजानं दोरी खाल्ली. मग एक आड एक लावले, एक शिसं, एक नट. पकडीच्या जबड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून दाबायची युक्ती काढली, दोरी कापली जाईना. आईला ती आवडली नाही. बायकोनं मात्र पक्कड उचलली आणि खाली ठेवली नाही, कारण मुलीला मी रक्त तपासायला अहेरीला नेलं होतं तेव्हा ती सोबत होती. मुलीचा आकडा माझ्याहून कमी होता. पण होता. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, मला पाढे कधी पाठ झाले नाहीत, गुरुजी म्हणायचे डोक्यात माती आहे, म्हणून शाळा सोडली. ते यामुळेच का? डॉक्टर म्हणाले, आता कोणी सांगू शकत नाही. मुलगी पहिलीत जाणार होती. ते तिचं वजन करत होते आणि ती काट्यावर उभी राहून एक ते वीस म्हणून दाखवत होती. तेराला अडली.  मग पुढे गेली.

थंडी पडल्यावर मॅडमनी दुसऱ्या बारा प्लेटा मांडल्या. काचा माझ्याच हातच्या. तेवढ्या स्वच्छ काचा मी आधी कधी केल्या नसतील; एकेक काच चार-चार वेळा पाण्याखाली धरली. द्रावण तेच, दिवा तोच. मी रोज सकाळी पॅसेजमध्ये उभा राहायचो आणि ती मुलगी दारातून बोटांनी आकडा दाखवायची. अकराव्या दिवसापासून तिनं बोटं दाखवायचं सोडलं. एकोणिसाव्या दिवशी सगळ्या पडल्या होत्या.

"पेटीत ओल राहिली का?" मी विचारलं.

"कदाचित," मॅडम म्हणाल्या. "कदाचित भुकटीची नवीन बाटली वेगळी होती. कदाचित पहिल्याही पडल्याच असत्या बत्तिसाव्या दिवशी. आता कळायचा मार्ग नाही."

मार्चमध्ये प्रकल्प संपला. वाढवून मिळाला नाही. आलापल्लीची मुलगी दुसऱ्या गावी कामाला लागली. मॅडम आता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात, आणि मी त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षानळ्या धुतो.

शेवटचा अहवाल त्यांनी लिहिला त्या दिवशी मी टेबलापाशी उभा होतो, सही झाली की कागद खाली न्यायचा म्हणून. अक्षर जोडून जोडून मी वाचलं. एकतिसाव्या दिवशी चाचणी खंडित, कारण: वीजपुरवठा बंद.

"मॅडम, हे असं नाई झालं."

"झालं तसंच आहे."

"माझं नाव लिवा."

"अहवालात माणसाचं नाव लिहीत नाहीत, भाऊ. कारण लिहितात."

"कारण मीच होतो. चार दिवस मी बोललो नाई. सोमवारीच बोललो असतो त बटण पडलंच नसतं."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. खूप थकलेल्या दिसत होत्या. "तुमची मुलगी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"शिसं उतरून राह्यलं. हळूहळू."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कागद माझ्याकडे दिले. मी ते खाली कार्यालयात नेले, पोच घेतली आणि ती त्यांच्या टेबलावर आणून ठेवली. त्या तासाला गेल्या होत्या.